टॅलीत एक, गोडाऊनमध्ये एक: स्टॉक जुळत नसेल तर आधी कुठं बघायचं

भाऊ, तुमचं सगळं दोनदा वाचलं. मोंढ्यात बी-बियाणं, खतं, औषधांचं होलसेल दुकान, एक गोडाऊन दुकानामागं आणि एक बायपासला, हंगामात सोयाबीनची खरेदी पण करता, हिशोब टॅलीत (कॉम्प्युटरवरचं हिशोबाचं सॉफ्टवेअर) आहे आणि तरी दरसाल 31 मार्चला मोजायला बसलं की काही म्हणता काही जुळत नाही. यंदा सोयाबीन 52 क्विंटल कमी निघालं, युरियाचे 60 कट्टे जास्त निघाले आणि एका बुरशीनाशकाच्या 3 पेट्या कमी. आता तुम्ही विचारताय की दोन लाखाचं बारकोडवालं सॉफ्टवेअर घेऊ का, आणि बायपासच्या हमालावर संशय आहे तर त्याला काढू का.

सॉफ्टवेअरचं शेवटी बोलू. हमालाला आज काढू नका, एवढं मात्र आधी ऐका.

मी 2003 ला वाळूजला एका कारखान्यात स्टोअर हेल्पर म्हणून लागले, नट-बोल्ट मोजता मोजता हे काम शिकले, मग जालन्याला बियाण्याच्या गोडाऊनवर नऊ वर्षं काढली आणि आता लातूरला खतं, औषधं आणि सोयाबीन तिन्हीचा स्टॉक बघते. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, स्टॉक 31 मार्चला चुकत नसतो, तो रोज थोडा थोडा चुकत असतो, माल हलला आणि कागद झाला या दोन्हीच्या मधल्या वेळात. गाडी रात्री नऊला खाली झाली आणि एन्ट्री परवा दुपारी झाली, मधल्या वेळात चार शेतकरी त्यातलाच माल घेऊन गेले, कुणाला चिठ्ठी दिली, कुणाला नंतर बिल देतो म्हणलं, झालं, तिथंच चूक जन्मली. मार्चमध्ये तुम्ही बघता ती वर्षभराच्या असल्या चुकांची बेरीज, आणि त्यात अधिक-वजा एकमेकांत इतकं मिसळलेलं असतं की कुणाच्या बापाला कारण सापडणार नाही. म्हणून नुसता आकडा दुरुस्त करून उपयोग नाही, चूक ताजी असताना, आजची आज नाहीतर उद्या सकाळपर्यंत, धरता आली पाहिजे. बाकी सगळं मी सांगणारे ते यासाठीच.

आता तुमच्या तीन फरकांकडं येऊ, कारण तिन्हीची जात वेगळी आहे.

सोयाबीन 52 क्विंटल कमी. भाव 4,400 धरला तरी दोन लाख अठ्ठावीस हजार आठशे होतात, झोप उडणारच. पण खरेदी तुमची दिवाळीच्या आसपासची आणि विक्री एप्रिलमधली, मधे सहा महिने माल मराठवाड्याच्या उन्हात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये. वाळणार नाही तर काय होईल. तुम्ही 1,180 क्विंटल घेतलं म्हणता. खरेदीच्या चिठ्ठीवर ओलावा लिहिलाय का बघा, नसेल तर समजा सरासरी 14 टक्के होता आणि विकताना मीटरवर 10.5 आला. लोक काय करतात, 14 वजा 10.5 म्हणजे साडेतीन टक्के घट असा हिशोब लावतात, तो चुकीचा आहे. पाणी उडतं, कोरडा माल तेवढाच राहतो, म्हणून आधीचा कोरडा भाग 86 भागिले नंतरचा कोरडा भाग 89.5, येतात 0.961, म्हणजे घट 3.9 टक्के. 1,180 वर काढा, 46 क्विंटल आली. तुमच्या 52 मधले 46 क्विंटल नुसतं पाणी आहे भाऊ, ते कुणी पोत्यात भरून नेलेलं नाही. उरले 6, ते चाळणीतली माती-काडी, काट्याचा फरक आणि बारदान्याचं वजन यात शोधायचे. ज्यूटचं पोतं अर्धा किलोच्या वर भरतं आणि प्लास्टिकचं त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास, खरेदीला एक वजा धरलं आणि विक्रीला दुसरं, तर हजार पोत्यांमागं चार-पाच क्विंटल असाच इकडचा तिकडं होतो.

यावर उपाय एवढाच की सोयाबीन, तूर, हरभरा घेताना वजनासोबत ओलावा लिहायचाच, दर लॉटला, आणि महिन्यातून एकदा प्रत्येक थप्पीचा ओलावा बघून घट टाकायची, स्टॉक जर्नलनी (टॅलीत साठा कमी-जास्त करायची नोंद), नरेशनमध्ये (शेऱ्याच्या ओळीत) किती वरून किती आला ते लिहून. म्हणजे मार्चपर्यंत धक्का साठत नाही. आणि हे भावातही दिसतं, 14 च्या मालाला 10.5 च्या मालाचा भाव देऊन बसलात तर ती घट तुम्ही खरेदीच्या दिवशीच विकत घेतलेली असते. हमीभावाच्या खरेदीला 12 टक्क्यांची अट असते ती याचमुळं, 2024 ला ती 15 पर्यंत सैल केली होती तेव्हा ओला माल भरलेल्या गोडाऊनवाल्यांनी ही घट डोळ्यांनी बघितली.

युरिया 60 कट्टे जास्त. जास्त निघालं म्हणून तुम्ही त्यावर दोन ओळी पण लिहिल्या नाहीत, कमी असतं तर पान भरलं असतं. जास्त निघणं पण तेवढंच वाईट असतं, कारण ती पण चूकच आहे आणि तिच्या आड एखादी कमी लपलेली असू शकते. मला वाटतं तुमच्याकडं कुणीतरी नवीन पोरगा एन्ट्रीला बसलाय. युरियाचा कट्टा 2018 पासून 45 किलोचा झाला, डीएपी अजून 50 चाच. बिल येतं टनात. 50 च्या हिशोबानं टनाचे 20 कट्टे, 45 च्या हिशोबानं 9 टनाचे बरोबर 200. ज्याच्या डोक्यात 20 बसलेत तो 9 टनाच्या गाडीला 180 टाकतो. एका गाडीला 20 ची चूक, तीन गाड्या झाल्या की 60. तुमचा आकडा इतका सरळ आहे की मी तर आधी हेच तपासीन. जूनपासूनच्या युरियाच्या सगळ्या खरेद्या काढा आणि कुठं 180 दिसतंय का बघा.

ही युनिटची भानगड औषधात तर लई वाईट. कंपनी पेटीत देते, तुम्ही नगात विकता, कुणी लिटरमध्ये बोलतो. एकाच औषधाच्या 100 मिली, 250 मिली, 500 मिली आणि लिटर अशा चार पॅकिंग, टॅलीत नावं एकाखाली एक, घाईत बोट एक ओळ खाली जातं आणि 250 च्या जागी 500 चं बिल होतं. सोयाबीन बियाण्याची बॅग कुणाची 30 किलोची, कुणाची 25 ची, कुणाची 22 ची. म्हणून आयटमच्या नावातच पॅकिंग आलं पाहिजे, सुरुवातीला, शेवटी नाही, आणि एका आयटमचं एकच मूळ युनिट ठेवायचं, जे हातात उचलता येतं ते, म्हणजे कट्टा, बॅग, नग. पेटीत किती नग हे टॅलीत अल्टरनेट युनिट म्हणून एकदाच बसवून टाकायचं, दर बिलाला डोक्यात गुणाकार करायचा नाही. हे काम एका रविवारी होतं.

आता बुरशीनाशकाच्या 3 पेट्या. इथं थोडं थांबून बोलते.

पूर्वी मी एका ठिकाणी होते, नाव सांगत नाही. तिथं कीटकनाशकाच्या 38 पेट्या कमी निघाल्या. मालकानं दोन दिवस शोधलं आणि तिसऱ्या दिवशी गोडाऊनच्या हमालाला काढून टाकलं, बीडकडचा माणूस, चौदा वर्षं तिथं राबलेला, जाताना एक शब्द बोलला नाही. त्या साली तो बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला. तीन महिन्यांनी रब्बीचा माल लावताना दुसऱ्या गोडाऊनमध्ये खताच्या थप्पीमागं त्या 38 पेट्या निघाल्या, पावसात छत गळत होतं म्हणून कुणीतरी हलवल्या होत्या, तोंडी सांगून, चलन न करता. मी तेव्हा ज्युनियर होते आणि गप्प बसले. ती बोचणी अजून आहे, आणि म्हणूनच कुणी हमालावर संशय म्हणलं की मला आधी कागद बघावेसे वाटतात. चोरी होतच नाही असं म्हणत नाही, होते, मी स्वतः दोनदा पकडलीय. पण दोन्ही वेळा ती पकडता आली कारण बाकीची सगळी कारणं आधी स्वच्छ झाली होती आणि एकाच आयटमची, एकाच पाळीची कमी दर आठवड्याला उघडी पडत होती. गढूळ पाण्यात चोर पण दिसत नाही आणि निर्दोष माणूस पण दिसत नाही.

तर पेट्यांसाठी तीन ठिकाणं बघा. पहिलं, दोन गोडाऊनमधली हलवाहलव. टॅलीत दोन गोडाऊन वेगवेगळी बनवलीत का सगळा माल एकाच मेन लोकेशनमध्ये दिसतो? एकत्र असेल तर इकडचा माल तिकडं गेलेला टॅलीला कळतच नाही. वेगळी करा, आणि एका गोडाऊनमधून दुसऱ्यात पेटी जाताना डिलिव्हरी चलन झालंच पाहिजे, तसाही रस्त्यावर माल नेताना कागद लागतोच. बायपासचं गोडाऊन जीएसटीच्या नोंदणीत आणि खताच्या, औषधाच्या परवान्यांवर दाखवलंय ना, ते पण बघून घ्या.

दुसरं, स्कीम. कंपनी 10 पेटीवर 1 फ्री देते, बिलावर 10 च दिसतात, पोरगा 10 च एन्ट्री करतो, गोडाऊनमध्ये 11 असतात. तुम्ही पुढं दुकानदाराला तीच स्कीम देता, बिल 10 चं, माल 11 चा. दोन्हीकडं सारखं झालं तर योगायोगानं जुळतं, पण तुम्ही स्वतःच्या मनानं कुणाला जास्तीची स्कीम दिली की लगेच कमी. टॅलीत खऱ्या नगाचा आणि बिलातल्या नगाचा असे दोन वेगळे कॉलम चालू करता येतात, ॲक्च्युअल आणि बिल्ड म्हणतात त्याला. ते चालू करा, फ्री माल शून्य रुपयाला आत येईल आणि शून्य रुपयाला बाहेर जाईल. माझ्या अनुभवात औषधाच्या होलसेलला न जुळणाऱ्या नगांचं सगळ्यात मोठं कारण हेच निघतं.

तिसरं, परत आलेला माल. पाऊस लांबला की शेतकरी बॅगा परत आणतात, दुकानदार हंगाम संपल्यावर पेट्या परत पाठवतात, आणि तो माल कुठं ठेवतात? काउंटरखाली, दाराच्या कोपऱ्यात, जिन्याखाली. ना क्रेडिट नोट (परत मालाची जमा पावती), ना मोजणी. त्यात काही फुटलेलं, काही मुदत संपलेलं. याच्यासाठी एक जागा ठरवा, लाल पट्टा मारा, टॅलीत तिसरं गोडाऊन बनवा, नाव ठेवा ‘परत-खराब’. माल आला की आधी तिथं, मग बघून चांगला असेल तर आत, नाहीतर कंपनीला. बियाण्यात तर हे फारच जपायचं, प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीच्या तारखेपासून 9 महिन्यांची असते, गेल्या हंगामाची परत आलेली बॅग नव्या थप्पीत मिसळली तर स्टॉक जुळेल पण उगवण होणार नाही, आणि सोयाबीनला उगवणशक्ती किमान 70 टक्के पाहिजे. तुमचा एक आकडा चुकला की कुणाची तरी दुबार पेरणी होते, हे मी जालन्याला प्रत्येक नवीन पोराला सांगायची.

आता रोजचं काम कसं लावायचं ते. सगळं गोडाऊन वर्षातून एकदा मोजण्यापेक्षा रोज थोडं मोजा. तुमच्याकडं समजा 640 आयटम आहेत. त्यातले 80 असे निघतील की पैशाचा मोठा भाग त्यांच्यातच अडकलाय, हे महिन्यातून एकदा मोजायचे. पुढचे 160 तीन महिन्यांतून एकदा, म्हणजे महिन्याला 53 च्या आसपास. उरलेले 400 बारीकसारीक, सहा महिन्यांतून एकदा, म्हणजे महिन्याला 67. बेरीज 200, कामाचे दिवस 25 धरले तर रोज 8 आयटम. आठ आयटम मोजायला अर्धा-पाऊण तास लागतो, सकाळी शटर उघडायच्या आधी. गोडाऊन चालू असताना मोजायचं नाही, तुम्ही मोजताय आणि पलीकडून कट्टा निघालाय, मग त्या मोजणीला अर्थ नाही.

आणि मोजणाऱ्याला टॅलीचा आकडा दाखवायचा नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळे हेच मोडतात. कागदावर 144 लिहिलेलं असलं की माणसाला 144 च दिसतात, तो खोटं बोलत नसतो, डोळा तसाच आहे. कोरा कागद द्या, आयटमचं नाव, बॅच आणि जागा एवढंच. फरक आला तर दुसऱ्या माणसानं पुन्हा मोजायचं. दोन्ही मोजण्या सारख्या आल्या तर मग कारण शोधायचं, आणि त्याच दिवशी, कारण कालची चिठ्ठी आज सापडते, महिन्यानं ती चहाच्या पुड्याला गेलेली असते.

कारणांसाठी एक साधी दोनशे पानी वही घाला. तारीख, आयटम, टॅलीत किती, हातात किती, कारण काय, कुणी शोधलं. युनिट चुकलं, स्कीम, चलन नाही, उशिरा एन्ट्री, चुकीचा आयटम, फुटतूट, परत माल, मोजणीच चुकली, आणि ‘कळलं नाही’. शेवटचं लिहायला लाजू नका. दोन महिन्यांनी ती वही उघडली की दिसतं, अर्ध्याच्या वर फरक दोन-तीन कारणांनीच आलेत, मग त्या दोन-तीन जागांवर काम करायचं. आमच्याकडं पहिल्या वर्षी ‘उशिरा एन्ट्री’ सगळ्यात वर होतं, मग आम्ही काय केलं, आवक जागा आखली, दाराजवळ पिवळा पट्टा, गाडीतला माल आधी तिथं, मोजून रिसीट नोट (माल आल्याची टॅलीतली नोंद) झाल्याशिवाय पट्ट्याच्या आतला माल ना थप्पीत जाणार ना विकणार.

तुम्ही म्हणाल ताई, मृगाच्या पहिल्या आठवड्यात दारात रांग असते आणि तुम्ही पट्टे सांगताय. मला माहितीय, मी पण त्या गर्दीत उभी राहिलेय, पाऊस पडून गेला की लोक सकाळी सहाला येऊन बसतात. तेव्हा एवढं करा, गाडी लागली की एक माणूस फक्त बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) आणि मोजणी घेऊन उभा ठेवा, त्याला दुसरं काही काम सांगायचं नाही, आणि पहिला कट्टा विकायच्या आधी रिसीट नोट टाका, दहा मिनिटं लागतात, भाव नंतर बिलावरून भरता येतो. अनुदानाच्या खताची शेतकऱ्याला विक्री तर पॉस मशीनवरच (सरकारी नोंदीचं विक्री मशीन) होते, तिथला साठा आणि थप्पीतला साठा जुळला नाही तर कृषी खात्याची तपासणी आली की उत्तर तुम्हालाच द्यायचंय. तुमच्याकडं मग तीन आकडे होतात, मशीनचा, टॅलीचा आणि थप्पीचा. हंगामात रोज संध्याकाळी खतापुरते हे तिन्ही एका कागदावर शेजारी शेजारी लिहून सही करायची सवय लावा, एक-दोन कट्ट्यांचा फरक त्याच संध्याकाळी सापडतो.

चिठ्ठ्यांचं पण सांगते. छापील, नंबर असलेली, दुबार चिठ्ठीबुकं करा. चिठ्ठीशिवाय कट्टा हलायचा नाही, मालकाच्या मेव्हण्यासाठी सुद्धा नाही. खरं सांगायचं तर बऱ्याच दुकानात नियम मोडणारा पहिला माणूस मालकच असतो, पाहुणा आला, दोन बॅगा घेऊन जा म्हणलं, लिहू नंतर. पोरं ते बघतात. संध्याकाळी चिठ्ठ्यांचे नंबर ओळीनं लावायचे, मधला नंबर गायब असेल तर शटर लावायच्या आधी तो शोधायचा.

थप्पी मोजता येईल अशी लावलेली पाहिजे, नाहीतर मोजणारा अंदाज ठोकतो. प्रत्येक थप्पी एकाच बॅचची, तळ ठरलेला, समजा 4 बाय 6 म्हणजे 24 कट्टे, त्यावर 10 थर, 240. पुढचं तोंड मोडायचं, मधून उपसायचं नाही, बाहेरून भरलेली आणि आतून पोकळ थप्पी मी बघितलीय आणि ती मोजून लोकांनी सही केलेली पण बघितलीय. थप्पीला एक कार्ड अडकवा, आला किती, गेला किती, शिल्लक किती, ज्यानं कट्टा काढला त्यानंच तिथं लिहायचं. हमाल लिहू शकत नाही म्हणून सोडून देऊ नका, आमच्याकडचे एक मामा अक्षर काढत नाहीत पण पाच-पाचच्या काड्या मारतात आणि त्यांचं कार्ड माझ्या कॉम्प्युटरपेक्षा जास्त वेळा बरोबर निघालंय. भिंतीवर जागांना नंबर रंगवा, बी-3, बी-4 असे मोठे, दोन फुटांचे, आणि औषध काढताना जे आधी आलं ते आधी न बघता ज्याची मुदत आधी संपते ते आधी काढायचं, कारण उशिरा आलेल्या पेटीची मुदत कधीकधी आधी संपते.

टॅलीबद्दल एक सावधगिरी. फरक निघाला की लोक पटकन फिजिकल स्टॉक व्हाउचर टाकतात, कंट्रोल एफ 7, आणि सुटले म्हणतात. त्यानं काय होतं, त्या तारखेला टॅली तुमचा मोजलेला आकडा धरून तिथून पुढं चालते. नंतर कुणी मागच्या तारखेचं राहिलेलं बिल टाकलं तर त्याचा नग त्या व्हाउचरमध्ये गिळला जातो, पुढं दिसतच नाही, आणि तुमचा फरक कशाचा होता हे कायमचं पुसलं जातं. ते व्हाउचर वर्षातून एकदा, सगळं बंद करून पूर्ण मोजणी केल्यावर ठीक आहे. रोजच्या फरकाला कारण सापडू द्या, मग त्या कारणाची खरी एन्ट्री करा. सापडलंच नाही तर स्टॉक जर्नलनी कमी करा आणि नरेशनमध्ये ‘कारण सापडलं नाही’ असं स्वच्छ लिहा. निगेटिव्ह स्टॉकची सूचना पण चालू ठेवा, ती त्रास देते म्हणून बंद करू नका, वजा शिल्लक दिसणं म्हणजे खरेदीची एन्ट्री राहिली नाहीतर चुकीच्या आयटमला बिल झालं, याशिवाय तिसरं कारण मला फार कमी वेळा सापडलंय.

प्रगती मोजायची असेल तर रुपयात मोजू नका. 12 नग इकडं जास्त आणि 12 तिकडं कमी, भाव सारखा, बेरीज शून्य, सीए म्हणतो सब ठीक. ठीक कुठंय, दोन आयटम चुकलेत. मोजलेल्या आयटममधले किती बरोबर निघाले तेवढंच बघा, 40 मोजले 31 जुळले, साडेसत्याहत्तर टक्के. कट्टे, पेट्या, नग यात सूट द्यायची नाही, एक म्हणजे एक. वजनाच्या मालाला अर्धा टक्का सूट द्या, तीही ओलाव्याचा हिशोब घालून झाल्यावर. रोज मोजणी लावलीत तर पाच-सहा महिन्यांत नव्वदच्या वर जाता येतं, पुढचं चढणं मात्र हळू असतं.

हे सगळं फक्त हिशोबाच्या आवडीपोटी करायचं असं पण नाही. जीएसटीच्या कलम 35 आणि नियम 56 प्रमाणं आवक, जावक, हरवलेला, चोरीला गेलेला, नासलेला, नमुना म्हणून दिलेला आणि शिल्लक माल असा सगळा हिशोब ठेवावाच लागतो, आणि हरवलेल्या किंवा राइट ऑफ केलेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची मिळालेली वजावट) कलम 17(5) प्रमाणं परत करावं लागतं, म्हणून तुमच्या त्या 3 पेट्या सापडणं नुसत्या पेट्यांच्या किमतीपेक्षा जास्तीचं आहे. बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देताय, त्यात टॅलीचा आकडा जातो, तो चुकला तर बँकेला पण चुकीचाच आकडा जातो. आणि विमा. 2025 च्या सप्टेंबरात आपल्याकडं जे पाणी आलं त्यात किती गोडाऊन भिजली तुम्ही बघितलंच. सर्व्हेअर आला की तो ओली पोती बघतो आणि मग रेकॉर्ड मागतो. खरा माल 80 लाखाचा आणि विमा 50 लाखाचा असेल तर नुकसान 16 लाखाचं असलं तरी त्याच प्रमाणात 10 लाख मिळतात. तुम्हाला स्वतःलाच माहीत नसेल गोडाऊनमध्ये किती आहे, तर विमा किती रकमेचा घ्यायचा हे कुठून कळणार.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर आत्ता नको. बारकोड गन चांगली आहे, आम्ही वापरतो, चुकीच्या पॅकिंगचं बिल होणं तिच्यामुळं जवळजवळ थांबलं. पण गन स्कीमची पेटी सांगत नाही, ओलावा सांगत नाही, चलन न करता हललेला माल तर तिला दिसतच नाही. आयटमची नावं, युनिट, जागा आणि चिठ्ठ्या आधी सरळ करा, सहा महिने वही चालवा, मग तीच वही घेऊन सॉफ्टवेअरवाल्यासमोर बसा आणि एकेक कारण दाखवून विचारा की हे तुमच्याकडं कसं पकडलं जाईल. तेव्हा दोन लाख कुठं घालायचे हे तुम्हाला कळेल, कदाचित पन्नास हजारात पण भागेल. पहिली पूर्ण मोजणी जूनमध्ये धरू नका, पाडव्यानंतर मे उजाडायच्या आत करा, माल कमी असतो आणि पोरं मोकळी असतात.

आता हमालाचं. उद्या सकाळी त्याच माणसाला सोबत घेऊन बायपासला जा, संशय आहे असं तोंडावर आणू नका, म्हणा की मामा, 3 पेट्या सापडत नाहीत, तुम्हाला गोडाऊन माहितीय, शोधायला मदत करा. थप्प्यांच्या मागं, गळक्या पत्र्याखालून हलवलेल्या मालात, परत आलेल्या पेट्यांत, सगळीकडं हात घालून बघा. तोपर्यंत दुकानात त्या पोराला बसवून जानेवारीपासूनची त्या बुरशीनाशकाची सगळी बिलं काढायला सांगा, स्कीम दिलेली वेगळी आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या पॅकिंगची वेगळी, आणि जास्त निघालेलं कोणतं औषध आहे का ते पण. हमालाचा आठवड्याचा पगार थांबवला असेल तर आधी तो देऊन टाका. एवढं करून पण पेट्या निघाल्या नाहीत तर बॅच नंबर आणि शेवटच्या मोजणीची तारीख मला कळवा, आपण पुढं बघू.